विनातारण

बँकेच्या पाटीवर 'सोनेतारण कर्ज' ही अक्षरे वाचणारा माणूस आणि रविवारच्या उपासनेत 'तारण' हा शब्द ऐकणारा माणूस एकाच गावचा, एकाच आळीतला असू शकतो. शब्द एकच, परंतु पहिल्याच्या मनात हातातल्या बांगड्या उतरवून ठेवण्याची कल्पना येते आणि दुसऱ्याच्या मनात बुडताना कोणी हात धरल्याची. सावकाराला तारते ते तारण आणि पाप्याला तारते तेही तारण. मराठी ख्रिस्ती वाङ्मय वाचू लागलो त्या काळापासून या शब्दाने आमचा पिच्छा पुरवला आहे. मोक्ष, मुक्ती, सद्गती, निर्वाण असे घडवलेले, पॉलिश केलेले शब्द हाताशी असताना मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी रुळला तो हा अंगणातला शब्द.

तो एकटाही नाही. मराठी बायबलमधील पौलाची पत्रे उघडावीत. पवित्र आत्मा हा देवाने दिलेला 'विसार' आहे, असे तिथे म्हटले आहे. जमिनीचा व्यवहार ठरला की खरेदीखताआधी जी रक्कम हातावर ठेवतात, तो विसार. स्वर्गीय जीवनाला तिथे 'वतन' म्हटले आहे. विश्वासणाऱ्याचे देवाशी जे नाते जुळते त्याला 'दत्तक' हा शब्द आहे, आणि ख्रिस्ताच्या मरणाला 'खंडणी' हा. बाजार, कचेरी, पाटीलवाडा आणि वारसाचा तंटा यांच्यातून वेचलेली ही परिभाषा आहे. मूळ ग्रीक संहितेतही या कल्पना व्यवहारातूनच आल्या आहेत. पण मराठीत त्यांना जो वास आहे तो इथल्या मातीचा. 'वतन' या शब्दाचा गोडवा देशमुख-देशपांड्यांच्या कानाला जेवढा वाटेल तेवढा सर्वांना वाटणार नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली महार वतनाविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, कारण तो वारसा म्हणजे पिढीजात वेठ होती. नगर जिल्ह्यातील गावोगावच्या ज्या महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांनी आपल्या नव्या ग्रंथात 'अविनाशी वतन' हे शब्द कोणत्या कानांनी ऐकले असतील, याचा अभ्यास कोणी केला पाहिजे.

या सगळ्या सावकारी शब्दांच्या मधोमध एक शब्द असा आहे की तो सारा हिशेबच उलटा करतो. तो शब्द 'कृपा'. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाचा युक्तिवाद असा, की तारण ही देणगी आहे, कमाई नव्हे. ते विश्वासाने घ्यायचे असते, कर्मांनी मिळवायचे नसते, आणि म्हणूनच त्याबद्दल कोणाला फुशारकी मारता येत नाही. बँकेच्याच भाषेत सांगायचे तर हे तारण विनातारण मिळते. गहाण ठेवायला तुमच्यापाशी काही नाही, हीच ते मिळण्याची पहिली अट. वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल; पण हाच खेळ एका मराठी बाईच्या आयुष्यात कसा जिवावरचा झाला, ते पुढे पाहायचे आहे. त्याआधी थोडे स्वर्गाविषयी.

'मी मेल्यावर स्वर्गात जाणार, हे मला ठाऊक आहे,' असे एखादा ख्रिस्ती प्रवचनकार निःशंकपणे सांगतो, तेव्हा आमच्यासारख्या हिंदू घरात वाढलेल्या श्रोत्याला दोन अडचणी येतात. पहिली शब्दाची. आपला स्वर्ग हा फार मोठा ठेवा नाहीच. पुण्य सरले की तिथून परत मृत्युलोकी यावे लागते, हे गीता सांगते आणि गावचा कीर्तनकारही सांगतो. तो आपल्या लेखी खात्यातल्या शिलकीवर चालणारा मुक्काम. शिलक संपली की बाडबिस्तरा आवरायचा. ज्याला खरे काही मिळवायचे आहे तो स्वर्ग मागत नाही, मोक्ष मागतो. ख्रिस्ती स्वर्ग हा असा मुक्काम नव्हे. तो वतन आहे, शिलकेशी त्याचा संबंध नाही. एकाच शब्दात दोन निराळी अर्थशास्त्रे बसवल्यामुळे मिशनरी आणि शास्त्री यांच्यात एकोणिसाव्या शतकात झालेले कित्येक वाद एकमेकांच्या शेजारून निघून गेलेले दिसतात.

दुसरी अडचण स्वभावाची. 'मला ठाऊक आहे' हे म्हणणे आपल्याला उद्धट वाटते. आपल्याकडचा भला माणूस फार तर 'त्याची इच्छा' म्हणेल. गंमत अशी की या शब्दांवरून खुद्द ख्रिस्ती जगतही दुभंगले आहे. ल्यूथरचा सारा उठाव एका भेदरलेल्या मठवासीयाच्या प्रश्नातून निघाला, की मी पुरेसे केले हे मला कधी कळणार? पुरेसे करायचेच नाही, हे त्याला पौलाच्या रोमकरांस पत्रात सापडलेले उत्तर. उलट १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने असा निर्णय दिला की, विशेष प्रकटीकरणावाचून कोणाही माणसाला आपण कृपेत आहोत हे अचूक खात्रीने सांगता येणार नाही. म्हणजे ज्या धर्माबद्दल आपण 'त्यांचे बरे असते, त्यांना खात्री असते' असे म्हणतो, त्याच्या निम्म्याहून अधिक घराने ती खात्री औपचारिकरीत्या नाकारली आहे. पुढे जॉन वेस्लीला २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या सभेत, ल्यूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचली जात असता, आपली पापे गेली असे आतून जाणवले. तो त्याआधीच पाळक होता, मिशनरी म्हणून अमेरिकेत जाऊन आला होता, उपासतापास करीत होता. धर्म होता, खात्री नव्हती. इंग्रजी मिशनांतून जी 'खात्री' महाराष्ट्रात पोचली, तिच्या मागे ही संध्याकाळ बऱ्याच अंशी उभी आहे.

आता ती मराठी बाई. पंडिता रमाबाई आपल्या अभ्यासक्रमांत येतात त्या स्त्रीशिक्षणाच्या प्रकरणात. 'स्त्रीधर्मनीति' १८८२, हंटर आयोगापुढील साक्ष, शारदा सदन १८८९, केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातल्या मुली. धर्मांतराला एक परिच्छेद, आणि त्यात टिळक-आगरकरांची मते. ते धर्मांतर का झाले याचे ठोकळेबाज उत्तर असे, की हिंदू समाजाने स्त्रियांना वाईट वागवले म्हणून. उत्तर खोटे नाही. पण ते देताना आपण बाईंच्या मनातला मूळ प्रश्न गुपचूप बदलून घेतो. बाईंचा प्रश्न वागणुकीपुरता नव्हता. मला तारण आहे की नाही, हा तो प्रश्न होता.

१९०७ साली केडगावहून त्यांनी आपल्या श्रद्धेची जी साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली, ती या दृष्टीने वाचावी. पुस्तिका लहान आहे आणि तिच्यात कुठेही साहित्यिक होण्याची हौस नाही. त्यात बाई सांगतात की कलकत्त्यास असताना धर्मशास्त्रे वाचली, तेव्हा ग्रंथांची आपापसांत कशावरच एकवाक्यता नसली तरी काही गोष्टींवर सर्वांचे एकमत दिसले. त्यातली एक म्हणजे स्त्रियांची जात वाईट. दुसरी म्हणजे स्त्रीला आणि शूद्राला वेदाचा अधिकार नाही; वेदावाचून ब्रह्मज्ञान नाही, ब्रह्मज्ञानावाचून मोक्ष नाही. स्त्रीपुरता मार्ग एकच, पतीची पूजा. येथे थांबून पाहण्यासारखे आहे. ज्या बाईला वडिलांनी समाजाचा विरोध पत्करून संस्कृत शिकवले, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटले, तिला तिच्याच विद्येने वाचून दाखवले की हे सारे तुझ्यासाठी नाही. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये ती विधवा झाली. म्हणजे पतिपूजेचा तो एकुलता मार्गही बंद.

'अधिकार' हा या प्रकरणातला कळीचा शब्द आहे. आपल्या शास्त्रपरंपरेत प्रत्येक ग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय येते, आणि त्यात पहिला प्रश्न अधिकाऱ्याचा असतो: हे कोणासाठी? पौलाचे उत्तर असे की कोणाचाच अधिकार नाही, म्हणून सर्वांसाठी. रमाबाईंनी कृपेचा सिद्धांत घेतला तो या टोकाकडून. तेव्हा त्यांच्या बाबतीत 'सामाजिक कारण की आध्यात्मिक कारण' हा परीक्षेतला लाडका प्रश्नच फोल ठरतो. अधिकाराविना तारण, हे एकाच वेळी धर्मशास्त्रातील प्रमेय होते आणि एका विधवेचा मनुष्य म्हणून स्वीकार होता. दोन्हींमध्ये सुरी घालून त्यांना वेगळे करता येत नाही.

पण ही झाली अधिकाराची बाजू. खात्रीची बाजू याहून जुनी, बालपणातली आहे. अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. सारे कुटुंब तीर्थातीर्थांतून फिरे, देवळात पुराणे वाची, आणि मिळालेले द्रव्य पुन्हा ब्राह्मणांना दान करी. व्रते, उपास, स्नाने, प्रदक्षिणा. शास्त्रात सांगितलेले काही म्हणून त्यांनी सोडले नाही. साक्षीत एका तीर्थाची हकिगत आहे, ती आम्ही विसरू शकत नाही. तिथल्या तळ्यात सात तरंगते डोंगर होते. यात्रेकरू निष्पाप असेल तर डोंगर त्याच्याकडे सरकत येतात, पापी असेल तर जागचे हलत नाहीत, अशी ख्याती. तळ्यात मगरी आहेत, उतरू नका, असेही बजावलेले. रमाबाईंच्या भावाने हळूच जाऊन शोध केला तेव्हा ते डोंगर म्हणजे तराफ्यावर रचलेले मातीदगड आणि झाडे निघाली, आणि ते मागून ढकलणारे हात पुजाऱ्यांचे.

ही हकिगत सहसा भोंदूगिरीचा नमुना म्हणून सांगितली जाते, आणि सुधारकी वाङ्मयात अशा नमुन्यांना तोटा नाही. आम्हांला तिच्यात दिसतात ती तळ्याच्या काठावरची माणसे. हात जोडून उभी, डोंगराकडे डोळे लावून, 'आपण शुद्ध झालो का' याचे एखादे दृश्य चिन्ह मिळेल म्हणून. एवढे चालून, एवढे देऊन, एवढे उपाशी राहून ते चिन्ह अजून मिळालेले नाही. त्या काठावर उभ्या असलेल्या लोकांना जे हवे होते, त्यालाच ख्रिस्ती धर्मशास्त्र तारणाची खात्री म्हणते. पुजारी लबाड होते. भूक खरी होती.

आता कोणी म्हणेल, २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला आणि ती भूक भागली. तसे झाले नाही. रमाबाईंच्या चरित्रातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग इथून सुरू होतो. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असा जो ख्रिस्त तो सापडला नव्हता, असे त्या स्वतः लिहितात. या वर्षांतली त्यांची पत्रे १९७७ साली मुंबईहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सिस्टर जेरल्डीन आणि इतर मंडळींशी त्यांचे वाद त्यात आहेत: त्रैक्याबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल, सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याबद्दल. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती मान द्यायला ही बाई तयार नव्हती. वाँटेजच्या मंडळींना तिचा ताठा खुपला, आणि तिकडे पुण्याला तिचा बाप्तिस्मा. मधल्या मध्ये ती एकटी, आणि जिच्यासाठी हा सारा प्रवास केला ती खात्री अजून दूरच.

१८९१ च्या सुमारास विल्यम हॅझलम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हॅझलम हा कॉर्नवॉलमधील बाल्ढू गावचा पाळक. १८५१ साली एका रविवारी व्यासपीठावरून प्रवचन करता करता त्याला उमगले की आपण सांगतो आहोत ते आपल्याला स्वतःलाच मिळालेले नाही. आणि मिळाल्याचा आनंदही तिथेच, त्याच प्रवचनात झाला. समोर बसलेल्यांतला एकजण ओरडला की पाळकाचेच परिवर्तन झाले! प्रसंगात थोडा विनोद आहे, आणि रमाबाईंसारख्या गंभीर बाईला नेमका तोच प्रसंग भिडावा यात एक न्याय आहे. पुराणिकाची ती मुलगी. व्यासपीठावरून दुसऱ्यांना फलश्रुती सांगायची आणि आपल्या पदरी ते फळ आहे की नाही हे ठाऊक नाही, ही अवस्था तिने लहानपणापासून आतून पाहिली होती. हॅझलमच्या प्रश्नापाशी ती थांबली, आपल्याला धर्म नव्हे तर तारणारा हवा हे तिला कळले, आणि त्यानंतर कर्मांचा, विधींचा, अगदी बाप्तिस्म्याचाही आधार न धरता ती स्वस्थ झाली. ती स्वस्थता मरेपर्यंत टिकली, असे तिच्या लेखनावरून दिसते.

स्वस्थता म्हणजे निष्क्रियता नव्हे, हे सांगायला केडगाव पुरेसे आहे. तारण फुकट आणि पक्के असेल तर माणूस चांगले कशाला वागेल, हा कृपेवरचा सनातन आक्षेप. पौलाच्या हयातीतच तो घेतला गेला होता. रमाबाईंनी त्यावर ग्रंथ लिहिला नाही. खात्री मिळाल्यानंतर दोन वर्षांत, १८९३ साली, शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात या आक्षेपावरून वादळ झाले आणि रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले. प्रार्थना दार लावून करा एवढीच अपेक्षा होती. बाईंनी दार लावले नाही. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी गावोगाव फिरून बायका-मुली आणल्या. मुक्तीची वस्ती दीड हजारावर गेली. म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलचा मराठी अनुवाद केला, तो केडगावच्या बायकांनी खिळे जुळवून छापला. ज्याला स्वतःच्या हिशेबाची चिंता उरत नाही, त्याचे दोन्ही हात मोकळे होतात. केडगावकडे पाहिले की निदान आम्हांला तरी दुसरे स्पष्टीकरण सुचत नाही.

आमचे एक वारकरी स्नेही या मुद्द्यावर नेहमी अडवतात. कृपा काय फक्त पौलाला ठाऊक होती? मुद्दा रास्त आहे. मांजरीचे पिल्लू आणि माकडाचे पिल्लू हा श्रीवैष्णवांतला दृष्टान्त कृपावादाचाच आहे: माकडाचे पिल्लू आईला स्वतः धरून राहते, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. रूडॉल्फ ओटो या जर्मन पंडिताने भारतातील कृपाधर्म आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना करणारा ग्रंथच लिहिला. रेव्हरंड ना. वा. टिळक तर आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे मानीत. मग अनंतशास्त्र्यांच्या मुलीला पंढरीच्या वाटेवर हे का सापडू नये? एक उत्तर असे की ती त्या वाटेवर वाढलीच नाही. तिचे घर संस्कृत पुराणांचे आणि दक्षिणेतल्या तीर्थांचे. दुसरे उत्तर अधिक अवघड आहे. चोखोबाला विठ्ठलाने जवळ केले, पण त्याची समाधी महाद्वाराबाहेर राहिली, आणि १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण करीपर्यंत त्याच्या जातभाईंना आत जाता आले नाही. देवाच्या लेखी अधिकार मिटला, बडव्यांच्या लेखी मिटला नाही. चर्चमध्ये तरी तो मिटला का, असे स्नेही लगेच विचारतात. नाही मिटला, जात चर्चच्या बाकांवरही जाऊन बसली. या वादात आमचे स्नेही आणि आम्ही दोघेही काही जिंकत नाही.

याहून मोठी अडचण, खात्री ज्यांना मिळालीच नाही त्यांची. रमाबाईंना ख्रिस्ताकडे वळवण्यात ज्यांच्या पत्रांचा मोठा वाटा होता, ते नीळकंठशास्त्री गोरे हे काशीचे चित्पावन पंडित, १८४८ साली बाप्तिस्मा घेतलेले, 'षड्दर्शनदर्पण'चे कर्ते. सहा दर्शनांचे खंडन करणारा हा तार्किक स्वतःच्या मनातल्या शंकांचे खंडन आयुष्यभर पुरे करू शकला नाही. साधेपणा, उपास, आत्मपरीक्षण यांत त्यांचे आयुष्य गेले. ज्याने वाट दाखवली तो वाटेवरच राहिला आणि जिला दाखवली ती पोचली, असे काहीसे हे चित्र आहे. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना याचीच जोडी ओल्नी गावात आढळेल. जॉन न्यूटन, एके काळचा गुलामांच्या जहाजाचा कप्तान, कृपेवरची जगप्रसिद्ध प्रार्थनागीते लिहितो. शेजारी राहणारा विल्यम कूपर त्याच्याबरोबर तशीच गीते लिहितो. दोघांची गीते १७७९ साली एकाच संग्रहात निघतात. परंतु १७७३ साली कूपरला एक स्वप्न पडले आणि देवाने आपल्याला टाकले, हा ग्रह त्याच्या मनातून १८०० साली मरेपर्यंत गेला नाही. कृपा सर्वांसाठी आहे हे त्याला मान्य होते, फक्त स्वतःला वगळून. त्याची शेवटची मोठी कविता समुद्रात पडलेल्या एका खलाशावर आहे, ज्याला तारायला कोणी येत नाही. गुलामांच्या व्यापाऱ्याला खात्री, आणि मुंगीलाही न दुखवणाऱ्याला नाही. कृपा कमाईवर मिळत नाही, या सिद्धांताची ही काळी बाजू. ती कोणत्या प्रवचनात येत नाही.

हे सारे आमच्यासाठी ग्रंथांतच राहिले असते. काही वर्षांपूर्वी आमची आई शेवटच्या आजारात रुग्णालयात होती. तिने पन्नास वर्षे सोमवार, चतुर्थ्या, चातुर्मास, हरतालिका काही चुकवले नव्हते. शेवटच्या आठवड्यात एका रात्री ती म्हणाली, "एवढं सगळं केलं. पोचलं असेल का रे?" आम्ही म्हटले, पोचले असणारच. तिला आमच्या आवाजातला पोकळपणा कळला असावा, कारण ती पुढे बोलली नाही. रात्रपाळीच्या सिस्टर नगरकडच्या ख्रिस्ती होत्या. सलाईन बदलता बदलता त्यांनी ते ऐकले होते. त्या म्हणाल्या, "आजी, आपल्याला कुठं पोचवायचंय? तो घ्यायला येतो." एवढेच. धर्मप्रसार म्हणावा असे त्यात काही नव्हते, येशूचे नावही नव्हते. आईने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिने त्यातून काय घेतले ते आम्हांला सांगता येणार नाही. तिच्या मनात घ्यायला येणारा कोण होता, विठोबा की आणखी कोणी, हेही नाही. सिस्टरांना त्या रात्री आम्ही विचारले की तुम्हांला स्वतःबद्दल इतकी खात्री कशी वाटते. त्या म्हणाल्या, "माझ्याबद्दल नाही हो सर, त्याच्याबद्दल वाटते."

ट्रेंटपासून वेस्लीपर्यंतच्या वादावर यापेक्षा नेमके काही आम्ही वाचलेले नाही. खात्रीला उद्धटपणा म्हणायचे की नाही, हे ती कोणाबद्दल आहे यावर ठरते. विसार देणाऱ्याची पत पाहून माणूस निश्चिंत होतो, स्वतःची तिजोरी पाहून नव्हे. मात्र सिस्टरांना पुढचा प्रश्न विचारायचा धीर आम्हांला झाला नाही: आणि आईचे काय? तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, तिने कोणताही स्वीकार केलेला नाही. तुमच्या ग्रंथाप्रमाणे ती कुठे जाणार?

हा प्रश्न आमच्याआधी रमाबाईंपुढे होता, आणि अधिक तीव्र होता. १८७४ च्या दुष्काळात, तिरुपतीच्या परिसरातल्या रानात, सारे द्रव्य दानधर्मात संपवून अनंतशास्त्री उपासमारीने गेले. पाठोपाठ आईही गेली. ज्यांनी तिला अक्षर दिले ते दोघे ख्रिस्ताचे नाव न घेता गेले. १८८७ साली, बाप्तिस्म्यानंतर चार वर्षांनी, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे आपले इंग्रजी पुस्तक तिने आईच्या स्मृतीला अर्पण केले. ख्रिस्ताशिवाय तारण नाही, हे ती एकीकडे ठामपणे मानी. केडगावच्या साक्षीत त्याबद्दल तडजोड नाही. मग वडिलांचे काय, याचे सरळ उत्तर तिने दिलेले नाही.

परंतु त्याच साक्षीत वडिलांचा शेवट सांगताना एक जागा येते. आंधळे, उपाशी, बोलण्याची शक्ती संपत आलेली, अशा अवस्थेत अनंतशास्त्र्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेतले आणि सांगितले की मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच राहा आणि त्याचीच सेवा कर. रमाबाई त्यावर एवढेच लिहितात की म्हाताऱ्या हिंदूला जो स्वर्गीय पिता ठाऊक नव्हता, त्या पित्याने त्याची प्रार्थना ऐकली यात शंका नाही. वडील तरले की नाही, याबद्दल शब्द नाही. त्यांची प्रार्थना पोचली, एवढे आहे.